पाच फुटांवरचा दगड

माझं शिक्षण आठवीपर्यंत. त्यानंतरची नऊ वर्षं मी कोकणात चिरेखाणीत काढली, जांभा दगड कापण्याच्या कामावर. तिथे एक गोष्ट पक्की शिकलो. पहार मातीत गेली तर आवाज बसका येतो, दगडाला लागली तर वर चढतो. डोळे मिटून ऐकलं तरी खाली काय आहे ते मी सांगायचो. वऱ्हाडात आलो तेव्हा माझ्याजवळ एवढीच विद्या होती, आणि तिच्याच जिवावर काम मिळालं.

काम सौर प्रकल्पाचं. अकोल्याहून अमरावतीकडे जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत, एका कंपनीनं काही शेतकऱ्यांची वावरं भाडेपट्ट्यानं घेतली होती. त्यात लोखंडी खांब रोवायचे, खांबांवर सांगाडा चढवायचा, सांगाड्यावर पॅनल. प्रत्येक खांबासाठी सात फूट खोल भोक पाडायचं, खांब उभा करायचा आणि भोवती काँक्रीट ओतायचं. भोक पाडायचं यंत्र माझ्या ताब्यात होतं. हाताखाली दोन माणसं. खाणीत मी कधी कुणाचा वरचा नव्हतो, त्यामुळे त्या दोघांना काही सांगायचं म्हटलं तरी आधी मनात वाक्य जुळवावं लागायचं.

आमच्या टोळीच्या प्रमुखाला सगळे वस्ताद म्हणत. अकोल्याच्या जुन्या वस्तीत राहणारा, साठीकडे झुकलेला माणूस. तीस वर्षं कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात बॉयलरच्या कामावर होता, तोही कंत्राटी. तिथला जुना संच कायमचा बंद झाला तेव्हा कंत्राटी माणसांना कुणी काही विचारलं नाही, गेटपास जमा करून घेतले आणि झालं. पुढे सौर कामाच्या ठेकेदारानं वस्तादला बोलावलं. वस्ताद म्हणाला, येतो, पण माझी अकरा माणसं सोबत येतील. त्यातली तीन पन्नाशीच्या पुढची होती. ठेकेदार म्हणाला, या म्हाताऱ्यांना सोलरमधलं काय येतं? त्यावर वस्तादनं विचारलं, "काहून, उन्हावरचा नट उलटा फिरते का?"

हे मला मामांनी सांगितलं. मामा म्हणजे त्या अकरांमधले सगळ्यात वयस्क फिटर. वस्तादसकट सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांचं गाव साईटपासून सायकलवर अर्ध्या तासावर. बायकोला लकवा झालेला, एक बाजू गेलेली. सकाळी तिचं सगळं करून यायचे आणि दुपारच्या सुट्टीत पुन्हा घरी जाऊन यायचे. मे महिन्यात अकोल्याकडचं ऊन काय असतं हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. आम्ही बाकीचे त्या वेळेला शेडनेटखाली ओलं फडकं तोंडावर टाकून पडलेले असायचो.

मी भाताच्या मुलखातला. पहिल्या आठवड्यात ज्वारीची भाकर घशाखाली उतरेना. मामा रोज डब्यात माझ्यासाठी मूठभर भात वेगळा बांधून आणायला लागले. म्हणायचे, "घे रे कोकणी. माही बुढी एका हातानं तांदूय निवडते तुह्यासाठी. टाकशील तर पाय मंग." त्या भाताचे उपकार फेडायचे म्हणजे काय करायचं, ते मला तेव्हाही सुचलं नव्हतं.

सकाळी सहाला काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं, ही वस्तादची पद्धत होती. दुसऱ्या टोळ्यांमध्ये या वेळेला सुरक्षेचे नियम वाचून दाखवत, हेल्मेट घाला, हातमोजे घाला. आमच्यात प्रत्येकानं काल आपलं काय चुकलं ते सांगायचं. आम्ही त्याला चुकांची हजेरी म्हणायचो. सुरुवात वस्ताद स्वतः करायचा. "काल तिसऱ्या रांगेत मी एक बोल्ट आवळला नाही. मामानं पायला म्हणून बरं." मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. एक जण रोज एकच चूक सांगायचा, की बायकोशी भांडून आलो. वस्ताद म्हणायचा, "हे चूक नाही बे, हे तुही नोकरी हाय." सगळे हसायचे. पण सांगितलेल्या चुकीवर शिवी नाही, दंड नाही, टोमणासुद्धा त्याच दिवसापुरता.

ही पद्धत कुठून आली तेही मामांनीच सांगितलं. बॉयलरवर असताना वाफेनं यांचा एक सोबती भाजला होता. व्हॉल्व्ह खराब आहे हे एकाला आदल्या दिवशीपासून माहीत होतं. "बोलला नाही तो. म्हणे शिव्या पडतीन." मामांनी एवढंच सांगितलं. तो कोण, भाजलेल्याचं पुढे काय झालं, ते सांगितलं नाही.

मेच्या मध्यावर मला पूर्वेकडचा तुकडा मिळाला, नाल्याच्या अंगाचा. तिथे पाचेक फुटांवर यंत्र अडायला लागलं. पातं फिरायचं, खाली जायचं नाही. मी यंत्र थांबवून सळई टाकून ठोकली. आवाज वर चढला. मी म्हटलं, कातळ आहे. आमच्याकडे पाया खणताना कातळ लागला की माणसं नारळ फोडतात. त्याच्याइतका भक्कम पाया नाही, पुढे खणायची गरज नाही. मी भोक तिथंच थांबवलं. खांब दोन फूट वर राहिला, तेवढा कापला. काँक्रीट ओतलं. सोबतच्या दोघांनी काही विचारलं नाही. दगडातलं याला कळतं असं सगळ्यांनीच धरलं होतं, आणि मीही.

तीन दिवसांत अशी अडतीस भोकं झाली.

इथपर्यंतचं अज्ञान होतं. त्यापुढचं अज्ञान नव्हतं. संध्याकाळी खोलीचं रजिस्टर भरायचं असायचं. वर सगळ्या ओळींत सात होतं. पाच लिहिलं तर साईटवरच्या इंजिनिअर मॅडम विचारतील, विचारलं तर समजावून सांगावं लागेल, आणि शिकलेल्या माणसासमोर काही समजावून सांगायचं म्हटलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो. म्हणून मी सात लिहिलं. अडतीस वेळा लिहिलं.

ज्यांचं ते वावर होतं त्या काकू चौथ्या दिवशी शेळ्या घेऊन नाल्याकडे आल्या. जमीन भाड्यानं दिली असली तरी रोज एक चक्कर टाकल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

"काय रे बापू, किती खोल गेली तुही मशीन?"

मी म्हटलं, "पाच फूट गेली काकू. खाली दगड आहे."

"दगड?" त्या थांबल्या. "माह्या सासऱ्यानं या धुऱ्यापाशी हीर खंदली होती. तीस फूट गेला. माती, माती अन् मातीच. पाणी नाही लागलं अन् दगडबी नाही. शेवटी बुजवली. तुले कुठचा दगड लागला?"

"मग हे कडक काय लागतंय?"

"उन्हाया लागून राहिला, दुसरं काय." त्यांनी पायानं जमिनीवरची एक भेग दाखवली, तिच्यात माझा पंजा उभा गेला असता. "हे कायी माती हाय. उन्हायात गोटा होते, पाणी पेली का फुगते. आमच्या गोठ्याचं कवाड पावसायात अडकते अन् दिवाळीले आपसूक मोकयं होते. खांबबी हालते तिच्यासंगं. खोल नसला तं वाकडा होते." मग शेळीला हाक मारून त्या निघून गेल्या. त्यांच्या दृष्टीनं गप्पा झाल्या होत्या.

मी त्याच संध्याकाळी एका अर्धवट भोकात पाण्याचा आख्खा कॅन ओतला. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन सळई टाकली. काल जिथे आवाज चढला होता तिथे सळई वीतभर आत रुतली. ओढून काढली तर टोकाला लोण्यासारखी काळी माती. तिथून पुढची भोकं मी पाणी मुरवून पुरी सात फूट नेली.

त्यानंतर तीन सकाळी मी हजेरीत उभा राहिलो. पहिल्या दिवशी सांगितलं, पाण्याचा नळ चालू राहिला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, हातमोजे विसरलो. तिसऱ्या दिवशी काही सुचलं नाही, तर वस्ताद म्हणाला, "काल काहीच चुकलं नाही? मोठा माणूस झाला बे तू," आणि सगळे हसले, मीही हसलो. आईचा फोन आला. "जेवलंस काय? थंय पाणी गावता मा?" मी म्हटलं, पाणी मिळतं, सगळं बरं आहे. अकोल्याला जाऊन मिळेल त्या गाडीत बसावं, असं त्या तीन दिवसांत किती वेळा मनात आलं असेल. पण घरी जाऊन पुन्हा खाणीतच उतरायचं होतं, आणि खाणीही आता पूर्वीसारख्या चालत नव्हत्या.

काय पणाला लागलं होतं तेही मला ठाऊक होतं. जूनच्या सुरुवातीला प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू व्हायचा होता, पाहुणे ठरले होते. तो वेळेवर झाला तर शेजारच्या वावरांतला दुसरा टप्पा वस्तादला स्वतःच्या नावावर मिळणार होता. तसा शब्द ठेकेदारानं दिला होता. म्हणजे बाराही जणांना घरापासून फार लांब नसलेलं दोन वर्षांचं काम. मामा तर बायकोला सांगून बसले होते.

चौथ्या सकाळी माझी पाळी आली तेव्हा मी बोललो. नीट बोललो नाही. आधी काकूंच्या सासऱ्यांच्या विहिरीचं सांगितलं, मग कातळाचं, मग सळईचं. कुणाला काही कळेना. वस्ताद म्हणाला, "आधी शेवट सांग."

मी म्हटलं, "पूर्वेकडची अडतीस भोकं पाचच फूट आहेत. रजिस्टरला सात लिहिलंय."

"कोणी लिवलं?"

"मी."

"कोणकोणती हायेत, दाखवता येईल?"

"येईल."

"हं," वस्ताद म्हणाला. मग माझ्या शेजारच्याकडे वळून, "तुहं काय चुकलं काल?" हजेरी पूर्ण झाली. त्या माणसानं बायकोशी भांडण झाल्याचं सांगितलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

मी मापाचा टेप घेऊन वस्तादसोबत अडतीसही खांब फिरलो. त्यानं खडूनं एकेकावर फुली मारली. परत आल्यावर त्यानं टोळीला पुन्हा गोळा केलं. "मी हे मॅडमला सांगणार हाय. अन् लेखी देणार हाय. दुसरा टप्पा कदाचित जाईन. मागून कयलं तर म्हणसान का वस्तादनं विचारलं नाही. म्हणून आधी सांगून राहिलो."

"विचारून राहिला का सांगून?" मामांनी विचारलं.

वस्तादनं हातातला खडू खिशात टाकला. "सांगून," तो म्हणाला.

"मंग विचारलं असं नको म्हणू."

"नाही म्हणत."

ठेकेदार दुपारी अमरावतीहून गाडीनं आला. तो वाईट माणूस नव्हता. आमचं शेडनेट त्यानंच लावून दिलं होतं, आजारी माणसाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेताना मी त्याला पाहिलेलं आहे. ऑफिसच्या कंटेनरचं दार उन्हामुळे उघडंच असायचं, त्यामुळे आत काय बोलणं झालं ते बाहेर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"वस्ताद, अडतीसच आहेत. हजारांत अडतीस. पावसाळ्यात दोन-चार वाकले तर दुरुस्तीत घेऊ ना. सगळीकडे होतं असं."

"होत असन साहेब."

"मग? तुम्हीच म्हणता ना, माणसांना काम पाहिजे. कामच घालवून बसता."

"साहेब, कोयशाच्या धुरात तीस वर्षं काढली. तिथं लोक म्हणायचे, तुमी हवा खराब करता. ऐकून घेतलं. पण रजिस्टरला खोटा आकडा नाही घातला. अन् आता या चांगल्या कामात येऊन घालू?"

"खोटं तुम्ही नाही लिहिलं. कुणी लिहिलं ते सांगा, त्याला काढून टाकतो. विषय संपला."

मी बाहेर ड्रमला टेकून उभा होतो.

"टोळी माही हाय," वस्ताद म्हणाला. "कागद माह्या सहीनं जाईन."

इंजिनिअर मॅडम तिथंच बसल्या होत्या. माझ्यापेक्षा वयानं लहान, नोकरीचं पहिलंच वर्ष. त्या रोज रजिस्टरवर सही करायच्या, म्हणजे चूक त्यांच्याही अंगावर येणार होती. आधी रजिस्टर उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "लेखी द्या. मी पुढे पाठवते. आणि मी मोजून बघितलं नव्हतं, तेही लिहिते." ठेकेदार गाडीत बसून निघून गेला.

संध्याकाळी वस्ताद मला घेऊन काकूंच्या घरी गेला. त्यांना सांगायची काही गरज नव्हती. खांब कंपनीचे, नुकसान झालं असतं तर कंपनीचं. काकूंनी ओट्यावर पाणी दिलं आणि ऐकून झाल्यावर विचारलं, "मले कायले सांगून राहिले, भाऊ? मले त्यातलं काय समजते?"

"वावर तुमचं हाय. आमी त्यात काय पुरलं ते तुमाले माहीत पाहिजे."

"मी तं या पोट्ट्याले आधीच सांगतलं होतं," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "यानं आयकलं तरी. नाहीतर इथं कोण आयकते बाईचं."

परत येताना मी वस्तादला विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं. तो चालत राहिला. मग म्हणाला, "तुहं नाव सांगतलं असतं, तं उद्या हजेरीले कोण बोललं असतं?" आणि पुढे, "तुह्यावर उपकार नाही केला बेटा. तसं समजू नको." पण मी तसंच समजतो. दुसरं कसं समजायचं ते मला येत नाही.

अडतीस खांब काढून, बाजूला नवी भोकं पाडून पुन्हा उभे करायला अकरा दिवस लागले. यंत्र मीच चालवलं. वस्तादनं माझ्याकडून यंत्र काढून घेतलं नाही, फक्त प्रत्येक भोकात टेप सोडताना दुसऱ्या कुणाला तरी समोर उभं केलं. आम्ही पहाटे पाचला सुरू करायचो. पाहुणे आले त्या दिवशी पूर्वेकडचा तुकडा रिकामाच होता, तिथे दोरी बांधून ठेवली होती. बाकीच्या पॅनलवर कळ दाबली गेली, पेढे वाटले, एकानं कोळशाचे दिवस गेले असं भाषण केलं. आमची टोळी तेव्हा दोरीच्या आतल्या बाजूला काँक्रीट ओतत होती. पेढे मॅडमनी आणून दिले.

दुसरा टप्पा दुसऱ्या टोळीला गेला. कारण कुणी सांगितलं नाही. ठेकेदारानं वस्तादचा फोन दोनदा घेतला आणि मग घेतला नाही. महिनाभरात आमची माणसं विखुरली. काही चांदूर रेल्वेकडे गोदामाच्या बांधकामावर गेली, काही घरी बसली. वस्तादला अंजनगाव सुर्जीकडे शेतांवर सौर पंप बसवायचं थोडं काम मिळालं. चार माणसं घेता येणार होती. त्यानं मला घेतलं. मामांनाही विचारलं होतं, पण अंजनगावला गेलं तर आठवड्याला एकदा घरी येणं होणार, आणि त्यांच्या बायकोला दिवसातून दोनदा कुणीतरी उठवून बसवावं लागतं. त्यांनी नाही म्हटलं. आता ते गावाजवळच्या विटांच्या भट्टीवर जातात, असं कळलं. साठाव्या वर्षी, फिटर माणूस.

साईटवरच्या शेवटच्या दिवशी हेल्मेट आणि बूट जमा करायचे होते. मामा माझ्या पुढे रांगेत होते. त्या अकरा दिवसांत ते माझ्याशी बोलले नव्हते, भातही आणला नव्हता. काम मात्र चोख केलं होतं; पहाटे सगळ्यांत आधी त्यांची सायकल लागलेली असायची. हेल्मेट देऊन ते माझ्याजवळ आले.

"बोलला ते बरं केलं," ते म्हणाले. "नाही बोलला असता तं मीच तुले शिव्या घातल्या असत्या, कधी ना कधी."

मी म्हटलं, "मामा, मी..."

"आयक. बरं केलं. पण काही दिवस माह्यासमोर येऊ नको. तुले पायलं का मले घर आठवते."

सायकलीला टांग मारून ते गेले.

अंजनगावहून अकोल्याला यायचं झालं तर त्यांच्या गावाचा फाटा लागत नाही, पण थोडी वाट वाकडी केली तर जाता येतं. दोनदा निघालो आणि दोन्ही वेळेला अकोला बसस्टँडवरूनच परत फिरलो. मागच्या महिन्यात तिथेच ते दिसले. हातात औषधांची पिशवी होती, मूर्तिजापूरच्या गाडीची वाट बघत होते. मी रसवंतीच्या आडोशाला उभा राहिलो, त्यांची गाडी लागेपर्यंत, ते चढेपर्यंत, गाडी स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत. काही दिवस म्हणजे किती, ते मी त्यांना विचारलं नव्हतं.